भिसेयाची आडवी शीर

तेलाचा थेंब पडला आणि शीर गेली.

मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. माशी होती. डोकं होतं, सहाच्या सहा पाय होते, पोटावरची लव मघापेक्षाही स्वच्छ दिसत होती. पंखही होता. पण पंखाच्या मधोमध जी आडवी शीर होती, जिच्या जोरावर ही माशी बाकीच्या सगळ्या माश्यांहून वेगळी ठरली होती, ती कुणी खोडरबरानं पुसावी तशी नाहीशी झाली होती.

माश्यांवर पीएचडी करते म्हटल्यावर आमच्या बार्शीत लोक तोंड लपवून हसायचे. ‘कुंदा काय करते पुण्यात?’ म्हणून कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, ‘माशा मारते.’ त्यातही माझ्या माश्या मारून झालेल्याच होत्या, पाच कोटी वर्षांपूर्वी. तेव्हाच्या झाडांची राळ खोडावरून ओघळली, तिच्यात त्या अडकल्या, राळ जमिनीत गाडली गेली आणि घट्ट होऊन तिचं अंबर झालं. दक्षिण गुजरातेत लिग्नाइटच्या खाणी आहेत. त्या काळ्या थरांत हे अंबर सापडतं, मधाच्या रंगाचं, कधी वाटाण्याएवढं तर कधी लिंबाएवढं. ते आणायचं, पाण्याच्या पॉलिशपेपरवर हळूहळू घासायचं आणि आत कोण बसलंय ते पाहायचं, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम.

आमचे सर, डॉ. दिवाकर सरंजामे, या कामातले देशातले मोठे जाणकार. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा माणूस, पण अंबरातल्या माशीपुढं तासन् तास मान खाली घालून बसायचे. मी त्यांच्याकडे गेले त्याच्या काही वर्षं आधी त्यांनी माश्यांची एक नवी प्रजाती जगापुढं ठेवली होती. प्रजाती म्हणजे आडनाव समजा. एका आडनावाखाली जशी अनेक माणसं, तशा एका प्रजातीत अनेक जाती. ही प्रजाती कधीच नामशेष झालेली आणि तिचा सगळ्या जगात एकच नमुना, आमच्या कपाटात, कापसाच्या गादीवर. तिचं नाव भिसेया.

आत्माराम भिसे हे सरांचे सहायक. खाणीत उतरून अंबर शोधण्यात त्यांचा हातखंडा होता म्हणतात. मी त्यांना पाहिलेलं नाही, मी पाहिला तो प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा त्यांचा फोटो. ते खाणीतच गेले. श्रावणात एका संध्याकाळी पावसानं खाणीची कड ढासळायला लागली. मुकादमानं शिट्टी मारून सगळ्यांना वर काढलं. सगळे वर आले आणि भिश्यांच्या लक्षात आलं की अंबराची पिशवी खालीच राहिली. ते उलटे धावले. सर मागून ‘नको, भिसे, नको’ म्हणून ओरडत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी माती उपसली तेव्हा पिशवी त्यांच्या पोटाशी होती. त्या पिशवीतल्या एका खड्यात ही माशी निघाली आणि सरांनी तिला भिश्यांचं नाव दिलं. संस्थेत नव्या आलेल्या प्रत्येकाला ही हकिकत पहिल्याच आठवड्यात कळायची. मलाही कळली होती, आणि ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या तुकड्याच्या बाबतीत सरांचा एकच नियम होता. बघा, रेखाटनं काढा, पण त्याला तेल लावायचं नाही. बाकी प्रत्येक तुकड्याला आम्ही सर्रास लावायचो. अंबरावर उजेड टाकला की वरचा भाग चमकतो आणि फोटोत आतलं नीट येत नाही. म्हणून वर पॅराफिन तेलाचा एक थेंब सोडून पातळ काच ठेवायची, ही आमच्यातली रोजची रीत. भिसेयाला मात्र तेल नको. मला वाटायचं, असेल भावना. देवाच्या मूर्तीला नाही का आपण सोवळ्याशिवाय हात लावत. पण माझा प्रबंध पुरा होत आला होता, त्यात भिसेयाचा फोटो हवा होता आणि काढलेल्या प्रत्येक फोटोत नेमकी पंखावरच चकाकी येत होती. त्या दिवशी सर मीटिंगला गेले होते. एका थेंबानं काय होतंय, म्हटलं.

आधी वाटलं, मी शीर विरघळवली. आपल्याकडचं अंबर कोवळं असतं, काही द्रावणांत गुळाच्या खड्यासारखं विरतं. पॅराफिननं त्याला काही होत नाही हे मला पाठ होतं, तरी मी बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. मग तुकडा जरा कलता करून पाहिला. रेघेचं एक टोक अजून शिल्लक होतं. काळं, बारीक, सुईनं ओढल्यासारखं. आणि ते टोक पंखाच्या बाहेर होतं.

शीर पंखाच्या बाहेर जात नाही. शिरेला बाहेर जायला जागाच नसते. मी बघत असतानाच तेल हळूहळू पुढं सरकलं आणि तेवढं टोकही दिसेनासं झालं.

ती शीर नव्हतीच. अंबराला गेलेला तो एक केसासारखा तडा होता, नेमका पंखावरून गेलेला. तड्यात हवा असते तोवर तो दिसतो, तेल शिरलं की दिसत नाही. आणि ती आडवी शीर काढून टाकली तर ही माशी चारचौघींसारखी होती. तिच्या खऱ्या आडनावाच्या माश्या शंभर वर्षांपासून पुस्तकांत नोंदलेल्या होत्या. म्हणजे भिसेया नावाचं काही जगात कधी नव्हतंच. भिंतीवरून भिसे माझ्याकडे बघत होते, आणि मी उठून त्या फोटोकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून बसले.

सर आले ते मीटिंगमधल्या कुणावर तरी चिडूनच आले. मी उभी राहिले.

“सर, मी भिसेयाला तेल लावलं.”

मला वाटलं, आता छप्पर उडणार. सरांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, ओला रुमाल खिडकीच्या गजावर वाळत घातला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, “पाणी लावलंस की तेल?”

“तेल.”

“पाणी असतं तर वाळलं असतं,” सर म्हणाले. “दोन तासांत परत दिसायला लागते.”

ते खुर्चीवर बसले, आणि एरवी ताठ बसणारा तो माणूस पोतं टेकवावं तसा बसला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पेपर छापून आला त्यानंतर वर्षभरानं कळलं. माझ्या हातून पाणी सांडलं त्याच्यावर. तेव्हापासून तेल बंद.”

“मग सर, तेव्हाच दुरुस्ती का नाही…”

“कुणाला सांगू? वहिनींना?” त्यांनी फोटोकडे बोट केलं. “दर वर्षी येतात त्या. त्यांना सांगू का, की तुमच्या नवऱ्याच्या नावाची माशी खोटी निघाली म्हणून? नावाशिवाय मी काय देऊ शकलो त्यांना?”

तेव्हा मला आठवलं, दुसऱ्या दिवशी श्रावण वद्य पंचमी होती. भिसेकाकू येणार होत्या.

भिसेकाकू दापोडीला राहायच्या, साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. दर वर्षी भिश्यांच्या तिथीला घरचा नैवेद्य झाला की त्या डबा घेऊन प्रयोगशाळेत यायच्या. सरांना वाढायच्या. सर सगळं मुकाट खायचे, आणि मग मोठ्या लगबगीनं त्यांच्यासाठी स्टूल मांडायचे, त्यावर स्वतःची उशी ठेवायचे आणि कपाटातून भिसेया काढून मायक्रोस्कोपखाली लावायचे. काकू वाकून बघायच्या. सर बाजूला उभे राहून विचारायचे, ‘दिसली का वहिनी? पंखातली आडवी रेघ दिसली? तीच आपली.’ काकू म्हणायच्या, ‘दिसली की, साहेब.’ सरांचा जीव भांड्यात पडायचा. मी दोन वर्षं हे पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मला ते फार सुंदर वाटलं होतं.

“उद्या त्यांना काय दाखवू?” सर म्हणाले.

आता यात माझा काय दोष होता? तडा मी पाडला नव्हता. खरं म्हणजे मी एक मोठी चूक शोधून काढली होती, आमच्या क्षेत्रात अशा शोधाला मान असतो. पण त्या क्षणी मला वाटत होतं की कुणाच्या तरी कुंकवाच्या करंड्यात मी तेलाचा हात घातलाय. अपराधी माणूस मदतीला फार तत्पर असतो. मी म्हणाले, “सर, मायक्रोस्कोपचा दिवा गेलाय म्हणून सांगू. वर्षभरात काहीतरी सुचेल.”

सर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आमच्यात तेवढ्यावर ठरलं.

सकाळी मी लवकर येऊन दिवा काढला. बोटाच्या पेराएवढा तो बल्ब रुमालात गुंडाळून ॲप्रनच्या खिशात टाकला. जास्तीचे बल्ब खणात होते, त्या खणालाही कुलूप लावलं. कुणी विचारलंच तर पंचाईत नको. माणूस एकदा खोटं करायला बसला की किती टापटिपीनं करतो, याचं मला आजही नवल वाटतं.

काकू बाराच्या सुमाराला आल्या. ठेंगणीशी बाई, अंगावर करड्या रंगाची साडी, हातात पिशवी आणि काखेत छत्री. शिवणकाम करून डाव्या बोटांची टोकं खरखरीत झालेली. माझ्या गालाला ती बोटं लावून म्हणाल्या, “वाळलीस गं पोरी. मेसचं खातीस का काय अजून?”

“नाही काकू, बरी आहे.”

“बरी कशानं? डोळं बघ कसं झाल्यात.”

रात्रभर झोप नव्हती, हे काय सांगणार. मी हसल्यासारखं केलं. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारून केळीचं पान मांडलं. डबा उघडला. उडदाचे वडे, तांदळाची खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. सर हात धुऊन येऊन बसले. पहिला वडा त्यांनी मोडला आणि तो तोंडात घालायला त्यांना इतका वेळ लागला की काकूच म्हणाल्या, “खारट झालाय का?”

“नाही, नाही. छान झालाय, वहिनी.”

“त्यांना आवडायचं वडं. गार झालं तरी खायाचे.” त्यांनी आणखी एक वाढला. “खावा. त्यांच्या नावाचंच हाय.”

सर खात राहिले. घास गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण पुढचं काम माझं होतं. शेवटी पान संपलं, काकूंनी ते उचललं, टेबल पुसलं आणि पदराला हात पुसत त्या स्टुलाकडे आल्या. आज उशी नव्हती. सर विसरले होते.

“चला, दावा,” काकू म्हणाल्या.

“काकू, आज दिवा गेलाय मायक्रोस्कोपचा,” मी म्हणाले. आदल्या रात्रीपासून घोकलेलं वाक्य. “नवीन मागवलाय. पुढच्या खेपेला नक्की.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. सर खिडकीबाहेर बघत होते.

“दिवा गेला?”

“हो.”

“मग आज माशी नाही.”

“नाही.”

मला वाटलं, आता त्या छत्री उचलतील आणि निघतील. पण त्या स्टुलावर बसल्या, नीट बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर भुरभूर पाऊस चालला होता. खिडकीच्या पत्र्यावर कुठूनसं पाणी ठिबकत होतं, ते एरवी आम्हाला कधी ऐकू यायचं नाही.

“बरं झालं,” काकू म्हणाल्या. “माशी नाही तर आज बोला तुमी.”

“काय बोलू, वहिनी?”

“मला काय ठाऊक? दर साली येते, तुमी माशी दावता. दिसली का म्हनता, दिसली म्हनते. घरी जाते. आज माशी नाही. आता काय सांगाल ते सांगा.”

सर वळले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, मोठमोठ्या सभा गाजवणारा तो माणूस. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी तिथून जावं किंवा काहीतरी बोलावं. मी यातलं काहीच केलं नाही.

“वहिनी, ती माशी…” त्यांनी सुरुवात केली. “त्या माशीच्या नावात माझी चूक झाली होती. ती नवी नाही. ती रेघ शीर नाही, तडा आहे. आत्मारामचं नाव काढावं लागेल.”

“बरं,” काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरची रेष हलली नाही. “आनि?”

“आणि काय?”

“आनि काय ते तुमीच सांगा.”

मला तोवर काही कळत नव्हतं. मला वाटत होतं, सांगायचं ते सांगून झालं, भयंकर होतं ते होऊन गेलं. पण सरांचा चेहरा पाहिला आणि लक्षात आलं की आतापर्यंत बोललं गेलं ते काहीच नव्हतं. त्यांनी टेबलाची कड धरली.

“मी ‘नको’ म्हटलं नव्हतं,” सर म्हणाले.

ते पुढं सांगत गेले.

“आम्ही वर आलो. सगळे वर आलो होतो. भिश्यांच्या लक्षातही नव्हतं. मीच म्हणालो, ‘भिसे, पिशवी खाली राहिली.’ एवढंच म्हणालो. जा म्हणालो नाही, वहिनी. देवाशपथ, जा असं म्हणालो नाही.” त्यांचा आवाज चिरकला. “पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. मुकादम आडवा आला, तर त्यालाच म्हणालो, दोन मिनिटांचं तर काम आहे. नको नको म्हणून ओरडलो ते कड सुटल्यावर.”

पाणी ठिबकत होतं. भिंतीवरच्या फोटोला मी आदल्याच दिवशी नवा हार घातला होता.

“मुकादमानं सांगितलं होतं मला,” काकू म्हणाल्या. “तेराव्याला आला होता तो, एवढ्या लांबनं. सगळं सांगून गेला.”

सर खाली बसले.

“तेराव्याला? मग तुम्ही इतकी वर्षं… वहिनी, मग तुम्ही येत का होतात?”

“तुमी कवा सांगता ते बघाया.” त्यांचा आवाज चढला नाही. मला तर तो चढायला हवा होता. “पैल्या साली वाटलं, आज सांगतील. मानूस भला हाय, त्याला बळ पायजे, म्हनून डबा घेऊन आले. तर तुमी माशी दावली. म्हटलं पुढल्या साली. परत माशी. वडं तळताना दर साली म्हनायची त्यांच्या फोटूला, आज सांगतील बगा तुमचं साहेब.”

“वहिनी, मला माफ…”

“ते आज नगा इचारू,” काकू म्हणाल्या. “आठ सालं मी थांबले. थोडं तुमीबी थांबा.”

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हात पुढं केला. “लाव तो दिवा, पोरी. खिशात हाय नव्हं? मघाधरनं चाचपतीस.”

माझा हात खरंच खिशावर होता. कान तापले. मी रुमाल सोडला, बल्ब बसवायला गेले, तो दोनदा निसटला. शेवटी दिवा लागला. मी भिसेया काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली, तेलासकट. काकू वाकल्या, डोळे लावले.

“नुसतं पिवळं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “दर सालासारखं.”

“दर सालासारखं?”

“मला कवा काय दिसलंय? पिवळं नि आपलीच पापनी. साहेब इतक्या आशेनं इचारायचे, नाही म्हनवत नव्हतं.”

मी मायक्रोस्कोपच्या नळ्यांकडे पाहिलं. दोन डोळ्यांच्या दोन नळ्या असतात, बघणाऱ्याच्या डोळ्यांत जेवढं अंतर तेवढ्या त्या जवळ किंवा लांब कराव्या लागतात. ते सरांच्या डोळ्यांना लावलेलं होतं. रुंद कपाळाचा माणूस. उशी देण्यात, स्टूल मांडण्यात सरांनी कधी कसूर केली नव्हती, पण या बाईच्या डोळ्यांना ते यंत्र एकदाही जुळवून दिलं नव्हतं. आणि बाजूला उभी राहून डोळे पुसणाऱ्या मलाही ते सुचलं नव्हतं.

“काकू, पापणी काचेला टेकवू नका. जरा मागं व्हा. दोन्ही डोळे उघडे ठेवा.” मी नळ्या हळूहळू जवळ आणत गेले. “दोन गोल दिसतात ना? त्यांचा एक झाला की सांगा.”

“झाला… थांब. झाला.”

मी चक्री फिरवली. काकूंचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “पाय हायती हिला. केस हायती.” बराच वेळ त्या हलल्या नाहीत. त्यांचा खरखरीत हात टेबलावर होता, त्याची बोटं आपोआप मिटत, उघडत होती. “आनि ही खरी केवढी असंल? ह्यात मोठी दिसती, तशी?”

मी तुकडा बाहेर काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. मधाच्या रंगाचा खडा, नखाएवढा, आणि त्यात एक काळा ठिपका.

“हा ठिपका?”

“हो काकू. तिळाहून लहान आहे.”

त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं. मग सरांकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग म्हणावा तर तोही नव्हता. एखाद्या बाईनं बाजारात भाव ऐकून नुसतं बघत राहावं तसं त्या बघत होत्या.

“एवढ्यासाठी?” त्या म्हणाल्या.

काकूंनी खडा टेबलावर ठेवला, घरंगळू नये म्हणून कापसावर ठेवला, छत्री घेतली आणि गेल्या. मी दारापर्यंत गेले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत सावकाश येत होता.

भिसेयाची दुरुस्ती पुढच्या वर्षी छापून आली. सरांनी ती स्वतः लिहिली, माझं नाव आधी घातलं आणि चूक आपली आहे असं पहिल्याच परिच्छेदात म्हटलं. आमच्या शास्त्रात एकदा दिलेलं नाव बाद झालं तरी पुसत नाहीत, आणि ते दुसऱ्या कुठल्या प्राण्याला देताही येत नाही. ते यादीत तसंच राहतं, पुढं ‘बाद’ असं लिहून. काकूंना हे सांगावं असं मला वाटलं होतं. पण पुढच्या श्रावण वद्य पंचमीला त्या आल्या नाहीत. सरांनी स्टूल मांडलं होतं, उशी ठेवली होती आणि नळ्या जवळ आणून ठेवल्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षीही त्या आल्या नाहीत.

त्यांचा डबा मात्र आमच्याकडेच राहिला. तीन पुडांचा पितळी डबा, झाकणावर आ. रा. भिसे असं टोचून घातलेलं. सर तो घासून पुसून टेबलावर ठेवायचे. मी एकदा म्हणाले, “सर, मी देऊन येऊ का दापोडीला?”

“रिकामा कसा देणार?” सर म्हणाले. “कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत.”

“मग काहीतरी घालून देऊ. साखर घालू.”

“साखर?” ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मलाच माझी लाज वाटली.

सर निवृत्त झाले, नंतर गेलेही. आता ते कपाट माझ्या ताब्यात आहे. खालच्या कप्प्यात कापसावर ती माशी आहे, तिच्या खऱ्या आडनावाखाली, आणि शेजारी तो डबा. दापोडी इथून लांब नाही, बसनं अर्धा तास. दर श्रावणात मी डबा चिंचेनं घासते, तिन्ही पुडं उन्हात ठेवते आणि त्यात काय भरून न्यावं याचा विचार करते. मग तो परत कपाटात ठेवते.